भागीरथाची दवाई

आंबेटोलीत कुणाच्या धानावर तुडतुडे पडले की पहिली हाक जाते ती भागीरथाला. सिंदेवाहीपासून जंगलाच्या अंगाला असलेलं हे गाव. बायांनी रोवणी करावी, निंदण करावं, धान कापावं, पण पाठीवर पंप अडकवून बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरू नये, ते पुरुषाचं काम, असं इथे सगळे धरून चालत. भागीरथा नन्नावरेनं ते मोडलं तेव्हा गावाने मनसोक्त नाकं मुरडली. आता तेच गाव तिला 'दवाईवाली बाई' म्हणतं आणि तिच्या सवडीप्रमाणे आपले दिवस ठरवतं.

शहरातल्या माणसाला दवाई म्हटलं की गोळ्या आणि काढे आठवतात. या भागात दवाई म्हणजे किडीवरचं विष, आणि दवाई मारणं म्हणजे फवारणी करणं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचा अर्धा गोंधळ याच एका शब्दानं घातला.

पंप मुळात तिच्या नवऱ्याचा, लटारूचा. लटारू हौशी माणूस. तोंडाला फडकं न बांधता, बिडी ओढत ओढत फवारायचा, आणि वारा कुठला म्हणून कधी पाहायचा नाही. एका हंगामात बांधीतच चक्कर येऊन पडला, उलट्या झाल्या, दवाखान्यात राहून आला. जीव वाचला, पण नुसता वास आला तरी त्याचे हातपाय कापायला लागायचे. पंप विकायचा म्हणाला. भागीरथा म्हणाली, "विकाचं काही काम नाई. मले शिकवा." लटारूने शिकवलं आणि त्या दिवसापासून घरातली चूल आणि शेळ्या आपल्याकडे घेतल्या. तो भाजी चांगली करतो, हे गावाला तेव्हा कळलं.

लटारूचं झालं ते भागीरथा विसरली नाही. पंप उचलण्याआधी ती वाळल्या गवताची काडी मोडून हवेत सोडते, ती कुठे जाते ते पाहते, आणि मग वारा पाठीवर घेऊन चालायला लागते. वारा फिरला की तीही फिरते. बाजूच्या बांधीत कुणी बाई निंदत असेल तर तिला उठवून लावते, उठली नाही तर शिव्या घालते. पिण्याच्या पाण्याची कॅन दवाईच्या डब्यापासून लांब, झाडाखाली झाकून. अंगावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला आणि तोंडाला ओढणी. धुऱ्यावरची, म्हणजे खाचराच्या बांधावरची, पोरं तिला लांबून भूत म्हणून चिडवतात, आणि तीही त्यांना भूत होऊन दाखवते. पण तिच्या हातून आजवर ना कुणाचं बकरू मेलं, ना कुणाच्या डोळ्यात थेंब गेला. या गोष्टीचा तिला अभिमान आहे. ती तो लपवत नाही, आणि का लपवावा?

तिची मुलगी रंजीता नागपुरात एका दवाखान्यात कामाला आहे. आई एकटी जंगलालगतच्या बांध्यांतून फिरते म्हणून तिचा जीव टांगणीला. मागच्या पोळ्याला आली तेव्हा तिने आईच्या हातात एक लहानशी लाल डबी ठेवली. मिरचीचा स्प्रे. भागीरथाने डबी फिरवून फिरवून पाहिली आणि पहिला प्रश्न विचारला, "किती पाण्यात टाकाची?"

रंजीता हसून लोळली. "आई, पाण्यात नाई टाकाची. कोणी अंगावर आला तर त्याच्या तोंडावर माराची. डोळे जळतात, घडीभर काही दिसत नाई, तेवढ्यात आपण पळाचं."

"वाघाले चालते?"

"वाघासाठी नाई. माणसासाठी होय."

"मंग पोलीस नाई पकडणार?"

"नाई पकडत. लायसन नाई लागत याले. दुकानात मिळते. फक्त उगाच मस्तीत कोणावर मारली, कोणाले त्रास द्याले मारली, तर गुन्हा होते. जिवावर, अब्रूवर आली तरच."

भागीरथाने डबीवरचं बारीक छापलेलं सगळं मुलीकडून वाचून घेतलं. किती हातांवरून मारायची, किती दिवस टिकते, डोळ्यात गेली तर चोळायचं नाही, स्वच्छ पाण्याने धुवायचं. वाऱ्याविरुद्ध मारू नये, असं त्यावर लिहिलेलं ऐकून ती खूश झाली. नागपूरवाल्यांनाही एवढं कळतं, म्हणाली. मग डबी कमरेच्या पिशवीत गेली आणि तिलाही नाव पडलं दवाई. पंपातली ती मोठी दवाई, पिशवीतली ती लहान. घरात या नावांची कुणाला अडचण नव्हती.

अडचण झाली ती धान पोटरीवर आल्यावर. त्या दिवशी भागीरथा गावातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या बांधीत फवारत होती. शेतकऱ्याचा मुलगा अंकुश. मोटारसायकल, काळा चष्मा, आणि बापाच्या जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली आहे असा समज. त्या वस्तूंत तो माणसंही धरायचा. बांधीच्या धुऱ्यावर रुखमा गवत कापत होती. रुखमा म्हणजे पत्रूची बायको, आणि पत्रू त्याच घरचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा गडी. दुपार ढळली होती आणि बांध्यांत दुसरं कुणी नव्हतं.

भागीरथा बांधीच्या टोकाला पोचून वळली तेव्हा तिला रुखमाचा विळा खाली पडलेला दिसला. अंकुशने रुखमाचा हात पिरगळून पाठीमागे धरला होता आणि तो तिला धुऱ्याच्या खालच्या अंगाला, मोहाच्या झाडामागे ओढत होता. रुखमाच्या तोंडावर त्याचा दुसरा हात होता.

"सोड तिले," भागीरथा ओरडली.

अंकुशने मान वळवून पाहिलं. "तू तुह्या पंपाचं पाय," तो म्हणाला आणि ओढतच राहिला.

तेव्हा भागीरथाच्या हातात पंपाची नळी होती. पंप चालू होता. नळीच्या तोंडाशी विष होतं, आणि अंकुशचं तोंड नळीच्या टप्प्यात होतं. खटका दाबायचा, एवढंच काम. हे तिला तेव्हाही कळत होतं आणि नंतरही तिने कधी नाकारलं नाही. पण तिने बटण बंद केलं, नळी खाली टाकली आणि पिशवीतून लहान दवाई काढली.

मग तिने वारा पाहिला. वारा रुखमाकडून अंकुशकडे वाहत होता. समोरून, वाऱ्याविरुद्ध मारली असती तर ती पसरून अर्धी रुखमाच्याच डोळ्यात गेली असती, आणि आंधळी झालेली बाई त्याच्या हातातून सुटणार कशी? म्हणून ती बांधीतल्या पाण्यातून धप् धप् करत रुखमाच्या अंगाने झाली. आता वारा तिच्या पाठीवर होता. ती अगदी जवळ गेली आणि अंकुशच्या डोळ्यांवर एकदाच मारली.

अंकुशने रुखमाला सोडलं आणि दोन्ही हात डोळ्यांवर घेऊन खाली बसला. मोठा आवाज केला त्याने. तो आवाज ऐकून रुखमा पळाली. भागीरथाने डबी पिशवीत घातली, झाडाखालून पाण्याची कॅन आणली आणि लांबूनच म्हणाली, "चोळू नोको. डोळे उघडे ठेव. पाणी टाकून राह्यली मी." आपलं पिण्याचं सगळं पाणी तिने त्याच्या डोळ्यांवर ओतलं. तो शिव्या देत होता आणि ती ओतत होती. मग त्याच्या ओरडण्याने रस्त्यावरचे दोघे आले आणि त्याला गाडीवर घालून घेऊन गेले.

त्याच संध्याकाळी, दिवेलागणीच्या आधी, रुखमा भागीरथाच्या अंगणात आली. रडत नव्हती, नुसती उभी होती. "बाई, माझं नाव नोका घेऊ," एवढंच म्हणाली. "पत्रूचं साल त्याच्याच घरी आहे. आमी झोपतो तेही त्याच्याच ढोराच्या कोठ्याच्या बाजूले. लोक मलेच म्हणतील." भागीरथाने तिच्या मनगटावरची सूज पाहिली. म्हणाली, "नाई घेत. जाय घरी." शब्द दिला तो असा, दोन वाक्यांत, आणि त्याची किंमत काय पडणार हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गावात बातमी फिरली ती अशी, की दवाईवालीने अंकुशच्या तोंडावर दवाई मारली. म्हणजे विष. ज्या बाईच्या पाठीवर विषाचा पंप असतो तिने दवाई मारली म्हटल्यावर दुसरा अर्थ कोण कशाला काढेल? अंकुशने दवाखान्यात तेच सांगितलं, ठाण्यात तेच सांगितलं. काम नीट कर म्हणून मी टोकलं, त्याचा राग धरून तिने मला विष मारलं, अशी त्याची तक्रार. भागीरथाला त्यात सगळ्यात जास्त काय झोंबलं असेल तर 'काम नीट कर' हे.

ठाण्यात एक तरुण बाई अधिकारी होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. आवाज मऊ, प्रश्न टोकदार.

"तुम्ही त्याच्या तोंडावर काय मारलं?"

"दवाई."

मॅडमचा पेन थांबला. "म्हणजे तुम्ही मान्य करता?"

"मान्य काऊन नाई करू? मारली तर मारली."

"कोणती दवाई?"

"लहान."

शेजारच्या शिपायाने डोक्याला हात लावला. लटारू बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होता, त्याने तर दोन्ही हात लावले. पुढे बराच वेळ लहान दवाई आणि मोठी दवाई यांचा घोळ चालला, आणि शेवटी भागीरथाने कमरेच्या पिशवीतून लाल डबी काढून टेबलावर ठेवली तेव्हा मॅडमने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. मग त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, डोळे लाल आहेत, जळजळ आहे, पण विषबाधेचं एकही लक्षण नाही. आणि लगेच पाण्याने धुतले म्हणून बरं झालं.

विष वापरून इजा केली, हे कलम लागलं असतं तर दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. ते संकट टळत आलं असं लटारूला वाटलं. पण मॅडमने पुढचा प्रश्न विचारला.

"तक्रारदार म्हणतो, तो धुऱ्यावर उभा होता. तुम्ही नळी खाली ठेवली, वारा पाहिला, त्याला वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेलात आणि मग स्प्रे मारला. खरं आहे?"

"खरं आहे."

"वारा पाहिला?"

"हो. वारा पाह्यल्याशिवाय मी मारत नाई."

"बाई, नीट ऐका. स्वतःला वाचवण्यासाठी स्प्रे मारला तर तो गुन्हा नाही. पण अंगावर धावून येणाऱ्या माणसासमोर कुणी वारा पाहत बसत नाही. वळसा घालायला वेळ होता, म्हणजे पळायलाही वेळ होता. मग हा बचाव कसा? हा तर ठरवून केलेला हल्ला दिसतो. तुम्ही वळसा का घातला?"

 अंकुशच्या सांगण्यात एकेक गोष्ट खरी होती. काम टोकल्याचं आणि विषाचं सोडलं तर खोटं एवढंच, की त्यात रुखमा नव्हती. आणि वळशाचं कारण सांगायचं तर रुखमाचं नाव आल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

"ते मी नाई सांगू शकत," ती म्हणाली.

मॅडमने कागद मिटला. सोमवारी पुन्हा या, म्हणाल्या, आणि तोवर विचार करून या. डबी त्यांनी जमा करून घेतली.

आता गाव कामाला लागलं. गावाला अशा वेळी फार माया येते. जो तो अंगणात येऊन बसायचा आणि तोच सल्ला द्यायचा: चुकून उडाली म्हण. पिशवीतून काही काढत होती, डबी दाबली गेली, वाऱ्याने तिकडे गेली. झालं. अंकुशचा बापही आला. माणूस वाईट नव्हता, मुलापुढे मात्र त्याचं काही चालत नसे. तो म्हणाला, "बाई, चुकून झालं एवढं बोला, मी पोराले तक्रार सोडाले लावतो. तुमचंबी भलं, आमचंबी."

लटारूला हे पटलं. पटणारच. तो घाबरला होता आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात जवळचं दार दिसतं. "म्हणून टाक ना," तो म्हणाला. "एका शब्दाचं काम आहे."

भागीरथा शेळ्यांना पाला टाकत होती. तिने हातातला पाला खाली ठेवला. "चुकून नाई मारली," ती म्हणाली. "पाहून मारली. इतके वर्स लोकायच्या धानावर मी इख मारून राह्यली, बाजूले पोरं खेळतात, गाई चरतात, बाया निंदतात. ते सारे मले हाक मारतात ते काऊन? भागीरथाच्या हातून चुकून उडत नाई, म्हणून. आता मीच चार लोकात सांगू का माझ्या हातून चुकून उडते म्हणून?"

अंकुशचा बाप उठून गेला. लटारू त्या रात्री जेवला नाही, पण भाजी मात्र नेहमीपेक्षा चांगली केली होती.

गावाचा राग मग दुसऱ्या वाटेनं बाहेर पडला. ज्यांनी तिला फवारणीला सांगून ठेवलं होतं त्यांचे एकेकाचे निरोप यायला लागले. राहू दे, यंदा तुडतुडे कमी आहेत. राहू दे, भाचा आला आहे, तो मारून देईल. भाचा कसा मारतो ते भागीरथाला माहीत होतं. लटारू मारायचा तसा. पंप ओट्यावर कोरडा पडून राहिला. ती रोज तो पुसायची. या बाईला कामाशिवाय बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर पाहवत नव्हतं.

रंजीताने फोनवर सांगितलं म्हणून ती तालुक्याच्या विधी सेवा समितीच्या वकिलाकडे गेली. बाईमाणसाला तिथे फुकट वकील मिळतो, कमाई कितीही असो. वकील होते विनोद गेडाम. याच भागातले, बोलणंही इथलंच. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि 'चुकून'चा सल्ला ऐकल्यावर टेबलावर हात आपटला.

"बरं झालं तुमी ते बोलले नाई. कायद्यात हे दोन रस्ते येगळे आहेत, बाई. चुकून झालं म्हटलं का आपण म्हणून राह्यलो, माझ्या मनात माराचंच नव्हतं. आन बचाव म्हटलं का आपण म्हणतो, हो, मी मारली, समजून मारली, आन मले माराचा हक्क होता. एका तोंडानं दोनी बोलता येत नाई. चुकून म्हटलं असतं तर तुमी तुमचा हक्क आपल्या हातानं टाकून देल्ला असता."

"हक्क होय का तो?" भागीरथाने विचारलं. "मले वाटलं, माफी भेटते."

"माफी नाई. हक्क. ज्यानं हा हक्क वापरला त्यानं गुन्हाच नाई केला, असं लिहून आहे. फक्त त्याले काठ आहे. जेवढं लागते तेवढंच, त्याच्या वर नाई. तो खाली बसल्यावर तुमी आणखी मारली असती तर ते बचावात नसतं आलं. पोलिसाकडे जाले वेळ असता तरी नसतं आलं. पण ठाणं कुठी, तुमची बांधी कुठी." त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "आन आणखी एक. हा हक्क फक्त आपल्या अंगासाठी नाई. दुसऱ्या कोणाच्या अंगावर हात पडून राह्यला असन, तो आपला नात्याचा असो, नसो, त्याले वाचवाले मारली तरी हक्क तोच."

 भागीरथाचा चेहरा पाहून वकील समजायचं ते समजले.

"तिथी कोणीतरी होतं," ते म्हणाले.

"दुसऱ्याच्यासाठी मारली तरी चालते, हे खरंच लिहून आहे का कायद्यात?"

"सुरुवातीलेच लिहून आहे."

"बेस लिहिलं," ती म्हणाली. तिला खरोखरच आनंद झाला होता. आपण केलं ते आपल्याला बरोबर वाटलं म्हणून केलं. ते कुणीतरी फार पूर्वी, कुठे तरी बसून, तसंच बरोबर ठरवून ठेवलं आहे, हे ऐकून तिला सोबत मिळाल्यासारखं झालं. मग ती उठली. "पण मी शब्द देल्ला आहे, साहेब. नाव नाई सांगणार."

"ती बाई आली तर तिचं बयान बाई अधिकारीच घेईल. तिले एवढं तरी सांगा."

"मी तिच्या दारात नाई जाणार. मी गेली का तिले वाटन, मी शब्द परत मागून राह्यली."

लटारूने त्या रात्री बोलणं काढलं, की तू नको जाऊ, मी जातो, मी कुठे शब्द दिला आहे. भागीरथाने त्याला पुढचं बोलू दिलं नाही. "तुमी गेले तर मीच गेल्यासारखं आहे," म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या बाईच्या हट्टाला टोक कुठे आहे हे लटारूला अजून सापडलेलं नाही. त्याच्या मनात मात्र त्या हट्टाबद्दल राग कमी आणि धाक जास्त आहे, आणि धाकाच्या खाली कौतुक. तो ते कबूल करत नाही, एवढंच.

सोमवारी ती सकाळच्या गाडीने ठाण्यात गेली. धुतलेलं लुगडं, केसाला तेल, पायात रंजीताने दिलेल्या नव्या चपला. तुरुंगात जायचं तर नीटनेटकं जावं, असं काहीसं तिच्या मनात असावं. वकील आले. अंकुशही आला होता, काळ्या चष्म्यात, आणि दाराशी मोटारसायकलला टेकून उभा होता. त्याने तिच्याकडे पाहून मान हलवली.

मॅडमने समोर बसवलं. "विचार केलात?"

"केला."

"मग सांगा. वळसा का घातला?"

"मॅडम, जे मी केलं ते मी सांगते. नळी हातात होती, ती खाली टाकली. लहान दवाई काढली, ती एकदा मारली. तो खाली बसल्यावर नाई मारली. डोळे धुवून देल्ले. चुकून काहीच नाई झालं, सारं समजून केलं. वळसा समजूनच घातला. काऊन घातला, ते मी नाई सांगत. त्याची जे शिक्षा असन ते मले द्या."

वकिलांनी डोळे मिटले. मॅडमने पेन खाली ठेवला, आणि त्यांच्या तोंडावर नाइलाज स्पष्ट दिसला. "बाई, तुम्ही सांगितलं नाहीत तर मला तक्रारीप्रमाणेच पुढे जावं लागेल. दुसरा मार्ग नाही. कळतंय ना?"

"कळते."

दाराशी गलका झाला. शिपाई कुणाला तरी अडवत होता आणि कुणी तरी अडत नव्हतं. अंकुशचा आवाज आला, "तुले काय काम आहे इथी? जाय घरी." आणि मग त्याच्या बाजूने, अंगाला अंग लागू न देता, रुखमा आत आली. चालत आली असावी, पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरले होते. मागे पत्रू होता, डोक्यावर पत्र्याची पेटी आणि खांद्यावर गाठोडं घेऊन. कोठ्याशेजारची खोली सोडून ते सरळ इकडेच आले होते.

भागीरथा ताडकन उठली. "तू काऊन आली? मी नाव नाई घेतलं तुहं. विचार या साहेबाले. मी एका शब्दानं नाई बोलली."

"मले मालूम आहे," रुखमा म्हणाली. "म्हणूनच आली."

मॅडमने पुरुषांना बाहेर काढलं. वकिलांनाही. दार लावलं. रुखमाने बसायला नकार दिला. तिने बाही वर सरकवून मनगट पुढे केलं. सूज उतरली होती, पण बोटांचे काळे डाग अजून ओळखू येत होते. अंकुशने हात कसा पिरगळला, कुठे ओढत होता, तोंड कसं दाबलं होतं, सगळं तिने उभ्यानेच सांगितलं. सांगताना एकदाही खाली पाहिलं नाही. भागीरथा मात्र खाली पाहत होती. तिला एकाच वेळी मोकळं झाल्यासारखंही वाटत होतं आणि चोरट्यासारखंही.

मॅडमने लिहून घेतलं. मग विचारलं, "या बाई तुमच्या बाजूने का आल्या, तुम्हाला माहीत आहे?"

"वारा माझ्याकडून त्याच्याकडे जाऊन राह्यला होता," रुखमा म्हणाली. "समोरून, वाऱ्याच्या उलट मारली असती तर पसरून माझ्या डोळ्यात आली असती. त्या पाण्यातून फिरून माझ्याकडून आल्या. मी पाह्यलं. त्यानं तोंड दाबून ठेवलं होतं, पण डोळे माझे उघडे होते."

"आणि तुमच्या डोळ्यात गेलं का काही?"

रुखमाने भागीरथाकडे पाहिलं. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिचा आवाज हलला.

"नाई, मॅडम. एक थेंब नाई."